लेकीला आउटसाइडवरून लिबेरो केलंय, कॉलेज व्हॉलीबॉलच्या मागे लागावं का?

ओसरी:

नमस्कार मंडळी, इथे कोणाच्या मुली हायस्कूल किंवा कॉलेजमध्ये व्हॉलीबॉल खेळतात का, किंवा खेळून झाल्यात का? मोकळा सल्ला हवाय, कारण घरात आम्हा दोघांचं एकमत होत नाहीये आणि लेक मधल्यामधे गप्प झालीये.

आम्ही मिडवेस्टमध्ये असतो. लेक आत्ता सोफोमोर, म्हणजे दहावीत. उंची ५ फूट ५ इंच आणि डॉक्टरांच्या मते आता फार वाढणार नाही. सहावीपासून खेळतेय, कायम आउटसाइड हिटर, म्हणजे नेटच्या कडेने बॉल मारणारी, उडी छान आहे, हात जोरात फिरतो, मिडल स्कूलला तर टीमचे निम्मे पॉइंट हीच काढायची. या ऑगस्टमध्ये ट्रायआउट झाले आणि कोचनी तिला थेट व्हर्सिटीत, म्हणजे शाळेच्या मुख्य टीममध्ये घेतलं, पण लिबेरो म्हणून, म्हणजे फक्त मागच्या रांगेत बॉल उचलणारी. मला वाटलं आनंदाने नाचेल, तर ही गाडीत बसली आणि रडायलाच लागली. म्हणाली आई मला आता नेटवर जाऊन बॉल मारताच येणार नाही, मी फक्त दुसऱ्यांसाठी बॉल उचलत बसणार. मला तेव्हा लिबेरो म्हणजे काय हेही धड माहीत नव्हतं, वेगळ्या रंगाची जर्सी घालते ती मुलगी एवढंच.

आता सीझन अर्धा झालाय. चांगलं खेळतेय असं बाकीच्या आया सांगतात, मला खरंच कळत नाही कारण स्कोअरबोर्डवर तिचं काही दिसतच नाही, हिटरचे किल, म्हणजे मारून काढलेले पॉइंट, मोजता येतात, हिचं काय मोजायचं? तिला मात्र कॉलेजमध्ये खेळायचंय हे पक्कं आहे, ते लिबेरो झाल्यावरही बदललं नाही.

आता मुद्दा क्लबचा, म्हणजे शाळेबाहेरच्या खाजगी टीमचा. क्लबच्या कोचचं म्हणणं, कॉलेज खेळायचं असेल तर लोकल टीम सोडून क्लबच्या नॅशनल, म्हणजे देशभर फिरून खेळणाऱ्या टीममध्ये या. फी ५५०० डॉलर, त्यात विमान, हॉटेल, खाणंपिणं काहीच धरलेलं नाही. नवरा म्हणतो तेच पैसे तिच्या ५२९ मध्ये, म्हणजे कॉलेजच्या बचत खात्यात टाकू, स्कॉलरशिपच्या आशेवर उधळण्यापेक्षा ते बरं, आणि ५-५ च्या मुलीला कॉलेजमध्ये कोण विचारतंय. पैशाचं त्याचं चूक आहे असं मला नाही वाटत, पण हे तो तिच्यासमोर बोलला आणि तेव्हापासून ती जेवणाच्या टेबलवर व्हॉलीबॉलचा विषयच काढत नाही, त्याचं मला फार लागलंय.

तर एवढ्या उंचीला खरंच जागा असते का, स्कॉलरशिपचं नक्की कसं चालतं, महागडी टीम घेतलीच पाहिजे का, आणि कॉलेजच्या कोचना कधी आणि काय लिहायचं? आमच्या दोघांच्याही घरात कोणी खेळाडू नाही, पाटी कोरी आहे.

---

केदार_डी:

ओसरी, माझी लेक गेल्याच वर्षी डिव्हिजन ३ मधून चार वर्षं खेळून बाहेर पडली, त्यामुळे सगळं ताजं आहे. (कॉलेजच्या खेळांच्या तीन पातळ्या असतात, डिव्हिजन १ सगळ्यात वरची.) थोडं लांबेल.

आधी पैशाचं, कारण तिथेच सगळ्यांचा घोळ होतो. डिव्हिजन १ मध्ये मुलींच्या व्हॉलीबॉलला वर्षानुवर्षं १२ स्कॉलरशिप असायच्या आणि त्या पूर्ण असायच्या, कारण नियम असा की एखादीला थोडे जरी पैसे दिले तरी ती १२ पैकी एक मोजली जायची, मग कोच अर्धवट कशाला देतील. २०२५ च्या उन्हाळ्यात कॉलेज खेळाडूंच्या पैशांबद्दलची ती मोठी कोर्ट सेटलमेंट मंजूर झाली, आणि ज्या कॉलेजांनी ती व्यवस्था स्वीकारली तिथे आता १२ ची अट नाही, त्याऐवजी रोस्टरमध्ये, म्हणजे टीमच्या यादीत, जास्तीत जास्त १८ मुली आणि पैसे कसेही वाटा. ऐकायला छान वाटतं पण पैसे वाटायला आधी असावे लागतात आणि ते प्रत्येक कॉलेजचं वेगळं. डिव्हिजन २ ला ८ स्कॉलरशिपएवढी रक्कम, ती सगळ्या टीममध्ये तुकडे करून वाटतात. डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी एक डॉलरही नाही, नियमच आहे तसा. आणि आयव्ही लीग डिव्हिजन १ असली तरी तिथेही खेळाची स्कॉलरशिप नाही, हे बऱ्याच आपल्या लोकांना माहीत नसतं.

पण डिव्हिजन ३ मध्ये मार्कांवर आणि घरच्या उत्पन्नावर जी मदत मिळते ती सगळ्यांसारखी त्यांनाही मिळते. आमच्या लेकीला एका डिव्हिजन २ कॉलेजने अर्धवट स्कॉलरशिप देऊ केली होती आणि एका डिव्हिजन ३ ने मेरिटवर मदत, दोन्ही कागद शेजारी ठेवून बेरीज केली तर दुसरं आम्हाला स्वस्त पडत होतं. म्हणजे तिची केमिस्ट्री तिच्या स्पाइकपेक्षा जास्त कमावून गेली. प्रत्येकाचं असंच होईल असं नाही पण बेरीज केल्याशिवाय ठरवू नका.

आता आकडा बघा. या देशात हायस्कूलला व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुली पावणेपाच लाखांच्या घरात आहेत, आणि डिव्हिजन १ च्या टीम साधारण साडेतीनशे. एक टीम वर्षाला चार-पाच नव्या मुली घेते, त्यातही ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आता कोच १७ वर्षांच्या मुलीऐवजी दुसऱ्या कॉलेजात दोन वर्षं खेळून तयार झालेली २० वर्षांची मुलगी उचलतात. त्यामुळे तुमचा नवरा पैशाबद्दल बरोबर आहे. क्लबची फी ही गुंतवणूक नाही. भरायची तर लेकीला यंदा चांगलं कोचिंग आणि चांगल्या मॅच मिळाव्यात म्हणून भरा, परत येतील म्हणून नाही. पण उंचीबद्दल तो चुकतोय, ते मी खेळलेल्या कोणावर तरी सोपवतो.

तारखा लिहून ठेवा. डिव्हिजन १ चे कोच सोफोमोर वर्ष संपल्यावर येणाऱ्या १५ जूनपासून तुमच्याशी थेट बोलू शकतात, फोन, मेसेज, ईमेल सगळं, आणि ज्युनिअर वर्षाच्या, म्हणजे अकरावीच्या, १ ऑगस्टपासून व्हिजिट. त्याआधी तुम्ही ईमेल पाठवलेली चालते, ते फक्त उत्तर देऊ शकत नाहीत, कॅम्पची माहिती आणि प्रश्नावली तेवढी पाठवतात. त्यामुळे आता लिहून उत्तर आलं नाही तर लेकीने मनाला लावून घेऊ नये, आमची दोन महिने उदास होती आणि नियम आम्हाला नंतर कळला. डिव्हिजन ३ च्या कोचना मात्र फोन-ईमेलवर असं बंधन नाही, ते आत्ताही बोलतील.

आणि ईमेल लेकीने लिहायची, तुम्ही नाही. आईबापाची ईमेल कोच लोक लगेच ओळखतात.

अजून एक, डिव्हिजन १ ला १६ कोअर कोर्सेस, म्हणजे इंग्रजी-गणितासारखे मान्य मुख्य विषय, लागतात, त्यातले १० सीनिअर वर्ष (बारावी) सुरू व्हायच्या आत, आणि त्या कोर्सेसमध्ये किमान २.३ जीपीए. आपल्या मुलींना जीपीएची अडचण सहसा नसते, पण शाळेचा एखादा कोर्स मान्य कोर्सेसच्या यादीत नसतो आणि मग शेवटच्या क्षणी पळापळ. काउन्सेलरला आत्ताच विचारा. एसएटीची अट २०२३ मध्ये काढून टाकलीय, पण कॉलेजला स्वतःला हवी असेल तर ते वेगळं.

---

मागची_फळी:

ताई, मी इथेच वाढलेय, लिहिताना चुका होतील सांभाळून घ्या. मी ५ फूट ४ आहे. डिव्हिजन २ मध्ये चार वर्षं लिबेरो खेळले. मलाही दहावीतच पुढून मागे पाठवलं होतं आणि मीही गाडीतच रडले होते, म्हणून तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही.

तिला काय वाटतंय ते सांगते. हिटरला बॉल मारल्यावर सगळं जिम ओरडतं. लिबेरोने काहीही केलं तरी पॉइंट तिच्या नावावर लागत नाही आणि तिची चूक मात्र सगळ्यांना दिसते, बॉल तिच्या हातावरून उडून बाकांमध्ये जातो आणि समोरची टीम नाचते. पहिले काही महिने असं वाटतं की आपण फक्त चुका करायलाच कोर्टवर आहोत. हे जातं, पण वेळ लागतो, आणि त्या वेळात घरच्या कोणीतरी तिचं काम बघायला शिकलं तर खूप फरक पडतो. माझे बाबा शिकले.

तुम्ही विचारलंत ना काय मोजायचं, तर हे मोजा. समोरून सर्व्ह आली आणि तुमच्या लेकीने ती घेतली की तो पास कुठे गेला ते बघायचं. सेटरला, म्हणजे हिटरना बॉल उचलून देणाऱ्या मुलीला, जागचं न हलता बॉल मिळाला आणि ती तिन्ही हिटरपैकी कोणालाही देऊ शकते, तर ३. सेटरला पळावं लागलं पण अजून दोघींना तरी देता येतो, तर २. बॉल कसाबसा वर राहिला आणि एकीलाच उंच फेकण्याशिवाय इलाज नाही, तर १. बॉल गेलाच, तर ०. मॅचनंतर बेरीज करायची आणि किती सर्व्ह घेतल्या त्याने भागायचं. २ च्या वर राहिली तर ती छान खेळली, सातत्याने २.२, २.३ असेल तर कोणालाही दाखवण्यासारखं आहे. कॉलेजचे कोच अगदी हेच बघतात. बाबा एका छोट्या वहीत लिहायचे, मॅच हरलो तरी गाडीत म्हणायचे आज २.१ होता तुझा, आणि मला बरं वाटायचं कारण ते खरं होतं, उगाच केलेलं कौतुक नव्हतं.

आणि बॉलकडे बघू नका हो, तिच्याकडे बघा. समोरची हिटर हवेत जायच्या आधी तुमची लेक कुठे सरकली, ते बघा. चांगली लिबेरो बॉल मारल्यावर पळत नाही, ती आधीच तिथे असते. हिटरचा खांदा कुठे वळलाय, सेट नेटला चिकटलाय का लांब पडलाय, आपल्या ब्लॉकने कुठली बाजू झाकलीय, हे सगळं एका श्वासात वाचायचं असतं. आणि जी मुलगी चार-पाच वर्षं स्वतः हिटर होती ती हे जास्त चांगलं वाचते, कारण त्या हिटरच्या जागी मी असते तर कुठे मारला असता हे तिला माहीत असतं. तुमच्या लेकीला हे नक्की सांगा. तिची हिटरची वर्षं वाया नाही गेली, ती आता कोर्टच्या दुसऱ्या टोकाला कामाला येतायत.

उंचीचं. जस्टिन वाँग-ओरँटेस ५ फूट ६ आहे, टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या मुलींनी पहिल्यांदा गोल्ड जिंकलं तेव्हा ती लिबेरो होती आणि त्या स्पर्धेची बेस्ट लिबेरो ठरली. नेब्रास्काची लेक्सी रॉड्रिगेज ५ फूट ५, म्हणजे अगदी तुमच्या लेकीएवढी, पहिल्याच वर्षी ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या यादीत. मी काही तुमची मुलगी लेक्सी होईल म्हणत नाहीये, पण ५-५ च्या आउटसाइडला खरंच दारं बंद होती आणि ५-५ च्या लिबेरोला कोणी उंची विचारतही नाही. हायस्कूलच्या कोचनी तिला मागे पाठवून तिचा कॉलेजचा रस्ता उघडा केलाय, मला हे कळायला दोन वर्षं लागली.

आणि अगदीच मारता येत नाही असं नाही. लिबेरोला नेटच्या वर असलेला बॉल मारता येत नाही, कोर्टवर कुठूनही, आणि ब्लॉक करता येत नाही, ते खरंय. पण डिफेन्सिव्ह स्पेशालिस्ट (डीएस), म्हणजे लिबेरोची जर्सी न घालता मागे खेळणारी, म्हणून खेळली तर १० फुटांच्या लाइनमागून उडी मारून मारू शकते. क्लबच्या कोचना विचारा की काही टूर्नामेंटमध्ये तिला डीएस म्हणून खेळवाल का. मी असं केलं होतं. आठवड्यातून एकदा का होईना हात मोकळा करायला मिळाला की जीव शांत होतो.

सर्व्हवर मेहनत घ्यायला सांगा, प्लीज. पास चांगला असणाऱ्या पुष्कळ मुली असतात, पण पास आणि अवघड सर्व्ह दोन्ही असलेली मुलगी फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाला असतानाच कोर्टवर जाते. मी पहिल्या वर्षी फक्त सर्व्हमुळे आत गेले.

---

शिट्टी_स्नेहल:

मी गेली ९ वर्षं हायस्कूलच्या मॅचेसना रेफरी म्हणून उभी राहते, त्यामुळे मागची_फळीच्या बोलण्यात थोडी नियमांची भर.

इथे लिबेरोला एका रोटेशनमध्ये, म्हणजे सर्व्हच्या सहा पाळ्यांपैकी एकीत, सर्व्ह करता येते, हायस्कूलला पण आणि कॉलेजला पण. इंटरनॅशनल मॅच बघून लोक गोंधळतात कारण तिथे लिबेरो सर्व्ह करत नाही. दुसरं, लिबेरो आत-बाहेर करते ते सब्स्टिट्यूशन मोजलं जात नाही, आणि वर हायस्कूलला एका सेटमध्ये १८ आणि कॉलेजला १५ सब्स्टिट्यूशन असतात, इंटरनॅशनलला फक्त ६. यामुळे अमेरिकेत मागे खेळणाऱ्या बुटक्या मुलींना जितकी जागा आहे तितकी जगात दुसरीकडे कुठे नाही. उंच मिडल, म्हणजे नेटच्या मध्यावर ब्लॉक करणारी, मागच्या रांगेत आली की तिला बाहेर काढायचं आणि तुमच्या लेकीसारखीला आत घ्यायचं, प्रत्येक टीम हेच करते. शिवाय २०२४ पासून कॉलेजमध्ये एका टीमला दोन लिबेरो ठेवता येतात, एका वेळी कोर्टवर एकच, पण एक सर्व्ह घ्यायला आणि दुसरी डिफेन्सला असं वाटून घेता येतं. म्हणजे जागा वाढल्याच आहेत.

त्याच वर्षी कॉलेजला दुसऱ्या टचवरचा डबल कॉन्टॅक्ट (बॉल हाताला दोनदा लागल्याची चूक) पण काढून टाकला, बॉल आपल्याच बाजूला राहिला तर. त्यामुळे पास थोडा वाईट गेला तरी लिबेरो किंवा कोणीही पळत जाऊन हाताने सेट करू शकते, शिट्टी वाजत नाही. लिबेरोने हाताने सेट करायची सवय ठेवावी, फक्त १० फुटांच्या मागून, पुढून केला तर हिटरला तो नेटच्या वर मारता येत नाही.

एक काळजीचं सांगते. डोक्याला बॉल लागला आणि मुलगी म्हणाली मी ठीक आहे तरी तिचं ऐकू नका. लिबेरो जवळून आलेला स्पाइक तोंडावर झेलते, कधी टीममेटचा गुडघा लागतो. सगळ्या ५० राज्यांमध्ये कायदा आहे की कन्कशनचा, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसल्याचा, संशय आला तर मुलीला बाहेर काढायचं आणि डॉक्टरी परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही. मी बाहेर काढलं की पालक माझ्यावर चिडतात, जिंकत आलेली मॅच असते, सीनिअर नाइट (शेवटच्या वर्षाच्या मुलींचा निरोप) असते. मी तरी काढते.

---

चाफा:

मी जरा वेगळं सांगते, घाबरवायचं नाहीये पण सांगायलाच हवं.

माझी मोठी डिव्हिजन १ ला गेली. तीन वर्षं आम्ही ज्यासाठी धावलो ते मिळालं, सगळे नातेवाईक फोन करून अभिनंदन करत होते. पहिलं पूर्ण वर्ष ती एकाही सेटला कोर्टवर गेली नाही. दुसऱ्या वर्षी ज्या कोचने तिला घेतलं ते सोडून गेले, नवीन कोच आले त्यांनी पोर्टलमधून त्यांच्या ओळखीच्या दोन मुली आणल्या, हिला सांगितलं तुझ्यासाठी इथे मिनिटं नाहीत. तिला ते कॉलेज म्हणून कधी आवडलंच नव्हतं, लांब, थंड, तिला हवा तो मेजर नीट नाही, ती फक्त त्या टीमसाठी गेली होती. टीम गेल्यावर तिच्याकडे काहीच उरलं नाही. त्या हिवाळ्यात ती रात्री फोन करून नुसती गप्प बसायची आणि मी इकडे फोन धरून बसायचे, बोलायला काही नसलं तरी ठेवायचा नाही असं आमचं ठरलं होतं.

आता ती दुसऱ्या कॉलेजात आहे, खेळत नाही, इंट्राम्युरल, म्हणजे कॉलेजातल्या कॉलेजात मजेखातर, खेळते मित्रमैत्रिणींबरोबर आणि हसते. धाकटीच्या वेळी आम्ही एकच प्रश्न विचारला, उद्या गुडघा गेला आणि एकही मॅच खेळता आली नाही तर या कॉलेजात चार वर्षं राहशील का? ज्याला हो म्हणाली तेवढीच नावं यादीत ठेवली. अर्ध्याहून जास्त नावं गेली.

शरीराचंही बघा. शाळेचा सीझन ऑगस्ट ते ऑक्टोबर-नोव्हेंबर, लगेच क्लब, तो मे-जूनपर्यंत, नॅशनल टीम असेल तर जुलै उजाडतो, मग कॅम्प, मग परत ट्रायआउट. मोठीचा खांदा अकरावीतच दुखायचा आणि आम्ही बर्फ लावून पाठवायचो. आता विचार केला की कसंतरी होतं. मुलींच्या गुडघ्याच्या एसीएलला (आतल्या लिगामेंटला) मुलांपेक्षा धोका जास्त असतो हे डॉक्टरांनी आम्हाला नंतर समजावलं, उडी मारून खाली येताना गुडघे आत न वळवता कसं उतरायचं याचा व्यायाम असतो, १५ मिनिटांचा. तो आठवड्यात दोन-तीनदा करून घ्या. आणि वर्षात दोन महिने तरी बॉलला हात लावू देऊ नका.

---

लिंकनकर:

चाफा, वाचून गलबललं. लेकीला माझ्याकडून खूप प्रेम.

ओसरी, मला सल्ला देण्याएवढं कळत नाही पण एक सांगू? ३० ऑगस्ट २०२३ ला मी बायको आणि दोन्ही मुलींना घेऊन नेब्रास्कातल्या लिंकनच्या मेमोरिअल स्टेडियममध्ये होतो. फुटबॉलच्या मैदानाच्या मध्यभागी एक छोटंसं व्हॉलीबॉल कोर्ट मांडलेलं, आणि भोवती ९२,००३ माणसं, मुलींची मॅच बघायला. नेब्रास्का विरुद्ध ओमाहा, आणि त्याआधी डिव्हिजन २ च्या दोन टीम खेळल्या, कर्नी आणि वेन स्टेट. मागची_फळी जिथे खेळली त्या लेव्हलच्या मुलींसाठी सुद्धा लोक लवकर येऊन बसले होते हो. माझी धाकटी तेव्हा आठ वर्षांची, तिने मला विचारलं बाबा हे रोज असतं का.

१९७२ ला टायटल नाइनचा, म्हणजे शिक्षणात मुलामुलींत भेदभाव न करण्याचा, कायदा आला नसता तर कॉलेजांनी मुलींच्या टीम अशा उभ्याच केल्या नसत्या. आणि २०२४ ला पेन स्टेट जिंकली तेव्हा केटी शूमाकर-कॉली ही डिव्हिजन १ चं टायटल जिंकणारी पहिली स्त्री हेड कोच ठरली, तीही कॅन्सरची ट्रीटमेंट घेत असताना. मुलींचा खेळ आणि पहिली बाई कोच जिंकायला २०२४ उजाडावं लागलं, मला तो आकडा फार टोचतो. म्हणून जेव्हा कुठली मुलगी म्हणते मला पुढे खेळायचंय तेव्हा मला वाटतं तिला खेळू द्यावं, कुठल्याही डिव्हिजनमध्ये.

लेकीला जवळच्या कॉलेजची मॅच दाखवा. मोठ्या टीमची नको, छोट्या कॉलेजची, जिथे तिकीट पाच-दहा डॉलर असतं आणि अगदी कोर्टला लागून बसता येतं. कधीकधी मॅचनंतर मुली थांबून बोलतात पण.

---

ओसरी:

काय लिहू तुम्हा सगळ्यांना. तीन दिवस वाचतेय, चाफाची पोस्ट नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली आणि आम्ही दोघं बराच वेळ काही बोललोच नाही.

मग काल शाळेची मॅच होती. मी वही नेली. नवराही ऑफिसातून लवकर आला, मी काही म्हटलं नव्हतं. पहिल्या सेटमध्ये माझी नुसती गडबड, २ का ३ कळेना, शेजारच्या आईला विचारतेय. दुसऱ्या सेटपासून नवऱ्याने वही हातात घेतली. त्याला आकडे जमतात. १९ सर्व्ह घेतल्या तिने, बेरीज ४२, म्हणजे २.२१. आम्ही सेटच्या सेट बॉलकडे बघितलंच नाही, आणि मागची_फळी तुम्ही म्हणालात ना ती आधीच तिथे असते, तर तिसऱ्या सेटमध्ये त्यांच्या उंच मुलीने टिप केला, हळूच ब्लॉकच्या मागे, आणि ही दोन पावलं आधीच निघाली होती. मला कसं सांगू, पाच वर्षं तिच्या मॅच बघतेय आणि काल पहिल्यांदा तिचा खेळ बघितला.

मॅच हरलो. गाडीत नवऱ्याने मागे वळून तिला वही दिली आणि म्हणाला त्या दिवशी मी उंचीचं बोललो ते मला न समजता बोललो. तिने वही घेतली, बघितली, आणि म्हणाली बाबा हा ७ नंबरचा १ नाहीये, २ आहे, सेटर चुकीच्या जागी होती. घर येईपर्यंत दोघं वाद घालत होते. टेबलवर जेवतानाही.

क्लबचं असं ठरवतोय की नॅशनल टीमला नाही म्हणायचं, रीजनल टीम घ्यायची जी गाडीने जाण्यासारख्या टूर्नामेंट खेळते, आणि तिथल्या कोचना डीएसचं विचारलंय, ते हो म्हणाले, अट एवढीच की सर्व्ह सुधारायची. जुलै आणि ऑगस्टचा पहिला आठवडा पूर्ण सुट्टी. चाफाचा प्रश्न तिला विचारला, तिने स्वतः १४ नावांची यादी केली होती (आम्हाला माहीतच नव्हतं!), त्यातली ६ राहिली. तिला फिजिकल थेरपी करायचीय म्हणे, हेही आम्हाला आत्ता कळलं.

आता एकच विचारते. व्हिडिओ करायचाय. हिटरचे व्हिडिओ सगळीकडे दिसतात, लिबेरोच्या व्हिडिओत काय घालायचं? मी कोर्टच्या बाजूने बसून काढलेत ते चालतील का?

---

मागची_फळी:

ताई २.२१!! आणि बाबांनी वही धरली, मी इथे रडतेय.

बाजूने काढलेले नाही चालणार. एंड लाइनच्या मागून, शक्य तितकं उंचावरून, ट्रायपॉडवर लावून द्या आणि हात लावू नका, पूर्ण कोर्ट दिसलं पाहिजे म्हणजे ती कुठून कुठे गेली ते कळतं. पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्व्ह रिसीव्ह, वेगवेगळ्या सर्व्ह, फ्लोट (न फिरता डगमगत येणारी) आणि जंप (उडी मारून केलेली) दोन्ही, आणि पास सेटरपर्यंत गेलेला दिसू द्या, मधेच कापू नका. मग डिग, म्हणजे उचललेले स्पाइक, मग सर्व्ह, मग हाताने केलेले एक-दोन सेट. जमिनीवर झेपावलेले नाट्यमय डिग दोन पुरेत, कोच लोकांना उभं राहून शांतपणे घेतलेले जास्त आवडतात. रॅली सुरू व्हायच्या आधी तिच्यावर छोटा बाण दाखवा. गाणं नको. तीन मिनिटांच्या वर नको. आणि सोबत एका पूर्ण सेटची न कापलेली लिंक द्या, त्यात तिच्या चुका असल्या तरी असू द्या, चुकल्यावर पुढची सर्व्ह ती कशी घेते हे बघायला आमचे कोच मुद्दाम पूर्ण सेट मागायचे.

---

केदार_डी:

आणि ईमेलच्या विषयात ग्रॅज्युएशनचं वर्ष, पोझिशन आणि नाव पहिलं लिहायला सांगा, त्यांच्याकडे ढीग असतो. त्या सहापैकी डिव्हिजन ३ ची असतील तर त्यांना या आठवड्यातच पाठवून टाका.